पहिलं उत्तर

शाळेत मानसशास्त्रज्ञ म्हणून माझी नोकरी निम्मी बोलण्याची आणि निम्मी गप्प बसण्याची. त्यातलं गप्प बसणं जास्त अवघड. बुद्धिमत्ता चाचणी घेताना मुलाचं उत्तर बरोबर आलं की चूक, हे आपल्या चेहऱ्यावर दिसता कामा नये, असा नियम आहे. मान डोलवायची नाही, भुवई उचलायची नाही. वर्षानुवर्षं हे करून चेहरा इतका मख्ख झालाय, की नवरा म्हणतो, "हिच्याशी पत्ते खेळायची सोय राहिली नाही." मला मात्र त्या चेहऱ्याचा अभिमान होता.

त्या दिवशी समोर तिसरीतली चिमणी बसली होती. चिमणी हे तिच्या मावशीने ठेवलेलं नाव. गेल्या वर्षी ती वडिलांचं घर सोडून मावशीकडे राहायला आली आणि आमच्या शाळेत दाखल झाली. वर्गात ती तोंड उघडत नसे. मोठ्या बाईंचं, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचं, ठाम मत होतं की पोरीला काही समजत नाही. चाचणीत आकडा कमी आला तर तिला लांबच्या निवासी शाळेत पाठवायचं ठरलं होतं. म्हणजे मावशीचं घरही सुटणार. मावशी कामावर रजा टाकून बाहेरच्या बाकावर जीव मुठीत धरून बसली होती.

"बर्फ वितळला की त्याचं काय होतं?" मी विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही, दगड."

मुलाने उत्तर बदललं तर शेवटचं धरायचं, हाही नियमच. मी शून्य दिलं. छत्री कशाला लागते, तर "भिजू नये म्हणून". पुन्हा नजर माझ्याकडे. "नाही, मारायला." आठवड्याचे वार सात म्हणाली आणि नऊ करून टाकले. शून्यावर शून्य पडत गेलं, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पोरगी दरवेळी आधी बरोबरच सांगत होती.

चाचणी चालू असताना असलं काही विचारायचं नसतं. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "पहिलं उत्तर का बदलतेस गं?"

"तुम्हाला नाही आवडलं."

"मी असं म्हणाले का?"

"तुम्ही काहीच नाही म्हणालात." ती खुर्चीच्या कडेला सरकली. "बाबा काहीच बोलायचे नाहीत ना, तेव्हा मी काचेच्या बश्या आत नेऊन ठेवायची. पटकन."

इतका वेळ मी तिच्यासमोर तिचा बाप होऊन बसले होते, आणि वर शून्यं देत होते. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

मोठ्या बाई त्यांच्या खोलीत वाटच बघत होत्या. "आकडा तेवढा सांगा, बाकी पाल्हाळ नको."

"आकडा आलाय, पण तो तिचा नाही. माझ्या चेहऱ्याला भिऊन आलेला आहे. चाचणी रद्द करतेय."

"मग उद्या पुन्हा घ्या."

"लगेच घेऊन उपयोग नाही, प्रश्न ओळखीचे झालेत. पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी घेईल. तोवर तिला वर्गातच राहू द्या."

"आणि वरून विचारणा झाली तर?"

"चूक माझी आहे, असं लिहून देते."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्या इतक्या वर्षांच्या नावलौकिकाचं मी काय करून घेतेय, हे त्यांना दिसत होतं, आणि मलाही. "द्या लिहून," त्या म्हणाल्या. "पण मग तिची जबाबदारी तुमची."

बाहेर चिमणी मावशीला चिकटून उभी होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "तू इथेच राहणार आहेस. मावशीकडेच."

ती माझा चेहरा निरखत राहिली. मी हसायला बघत होते, पण गालांना मेली सवयच राहिली नव्हती.

"मी जाते त्या शाळेत," ती हळूच म्हणाली. "तुम्ही रागावू नका."

नियम गेले खड्ड्यात. मला रडूच फुटलं, ओठ वेडेवाकडे, नाक गळतंय, भर व्हरांड्यात. चिमणीने ते सगळं नीट बघून घेतलं. मग मावशीचा हात धरून म्हणाली, "मला नाही जायचं."

मी वाट पाहिली. तिने ते बदललं नाही.