खोक्यातलं अस्वल

शाळा सुटल्यावर बालवाडीच्या बाईंनी भिंगरीच्या बाबांना थांबवून घेतलं, तेव्हा त्यांना वाटलं, पोरीने पुन्हा कुणाला तरी चावलं असणार. पण बाई म्हणाल्या, "तक्रार नाही हो. आज गोष्टीचा तास होता. मी म्हटलं, ज्याला येते त्याने गोष्ट सांगावी. भिंगरी उठली आणि म्हणाली, 'एक होतं अस्वल पूर्णविराम. त्याला घर नव्हतं स्वल्पविराम म्हणून ते घर शोधायला निघालं पूर्णविराम.'"

बाबा खूश झाले. "विरामचिन्हं बरोबर आहेत की!"

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बाबा बालवाडीतल्या बुटक्या खुर्चीवर बसले होते, गुडघे हनुवटीला टेकत होते, आणि त्या नजरेखाली ते आणखीच खाली सरकले.

"पुढे काय झालं, असं मी तिला विचारलं," बाई म्हणाल्या. "तर म्हणाली, 'पुढचं पान बाबांनी अजून तपासलं नाही.'"

भिंगरीचे बाबा एका प्रकाशनाच्या कचेरीत प्रूफं तपासायचे. तिथे त्यांच्या नजरेतून चुकलेला अनुस्वार सुटत नसे, आणि घरी आल्यावरही ती नजर काही खुंटीला टांगून ठेवता येत नव्हती. औषधाच्या बाटलीवरची सूचना, न्हाव्याच्या दुकानातली पाटी, साबणाचं वेष्टण, सगळीकडे त्यांना ऱ्हस्व-दीर्घ टोचायचं. भिंगरीची आई नर्स होती आणि तिची पाळी बदलती असायची, म्हणून पोरीला गोष्ट वाचून दाखवायचं काम बाबांकडे होतं. ते मन लावून वाचायचे. एक ओळ वाचायची, थांबायचं, खिशातलं तांबडं पेन काढायचं, चूक सुधारायची, ती का चूक आहे ते पोरीला समजावून सांगायचं आणि मग पुढची ओळ. पहिलं पान संपेपर्यंत भिंगरी घोरायला लागायची. गोष्ट वाचल्यावर मूल किती पटकन झोपतं, हे बाबा कचेरीत चार लोकांना कौतुकाने सांगायचे.

"तिच्याबरोबर वाचा," बाई म्हणाल्या. "मध्येच थांबून तिला विचारा, आता काय होईल? ती जे म्हणेल ते बरोबर."

"जे म्हणेल ते?"

"जे म्हणेल ते. चूक काढायची नाही. आणि घरी एखादं मोठं खोकं आणून ठेवा."

"कसलं खोकं? म्हणजे आत काय असतं?"

"काही नसतं."

"मग त्याचं करायचं काय?"

बाई उठल्या आणि पर्स उचलत म्हणाल्या, "ते तिला विचारा."

योगायोग असा की त्याच आठवड्यात घरातल्या जुन्या फ्रिजने मान टाकली होती. नवा आला तो माणसाच्या उंचीच्या खोक्यातून. फ्रिज स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात बसवला, सगळ्यांनी हात झटकले, आणि आईने दार उघडलं तेव्हा ते भिंतीवर आपटलं. दार उलट्या बाजूला उघडणारं निघालं. फटीतून आईचा हात कोपरापर्यंत आत जात होता. दुधाचं भांडं मात्र बाहेर येत नव्हतं.

आईने दुकानाला फोन लावला. दुकानदार म्हणाला, बदलून देतो, परवा दुपारी माणसं येतील. पण फ्रिज खोक्यासकट परत पाहिजे. खोकं फाटलं, कापलं, तर विषय संपला.

"ऐकलंस ना?" आईने फोन ठेवून नवऱ्याला बजावलं. "खोक्यात बसू दे तिला, लोळू दे. पण ओरखडासुद्धा उठता कामा नये."

"मी आहे ना," बाबा म्हणाले. आणि खरंच, जबाबदारी टाकायला त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता.

त्यांनी खोकं बाहेरच्या खोलीत आडवं ठेवलं. भिंगरी समोर येऊन उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"जा की आत," बाबा म्हणाले.

"याच्यावर काय लिहिलंय?"

"'काळजीपुर्वक हाताळा.' म्हणजे, छापताना त्यांनी 'पु' ऱ्हस्व केलाय, तो खरं तर..."

"म्हणजे हात लावायचा नाही," भिंगरी म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकली.

पोरगी अगदी आपल्यावर गेली आहे, याचं बाबांना आजवर कौतुक वाटायचं. आता मात्र त्यांना ते खुपलं. पाच वर्षांची पोर, समोर घराएवढं खोकं, आणि ती सूचना पाळत उभी! त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, गुडघ्यांवर बसले आणि स्वतःच खोक्यात शिरले. डोकं गेलं, खांदे गेले, पोटाशी जरा वाटाघाटी कराव्या लागल्या, पण तेही गेलं. पाय बाहेर राहिले.

आत काळोख होता आणि नव्या पुठ्ठ्याचा वास येत होता. बाहेरून पोरीचा आवाज आला, "बाबा, तू दिसत नाहीस. नुसते पाय दिसतात."

बाईंचं बोलणं आठवून बाबांनी विचारलं, "कुणाचे पाय आहेत?"

मोज्यावरून एक बोट फिरलं.

"अस्वलाचे," भिंगरी हळूच म्हणाली. "मोजे घातलेल्या अस्वलाचे."

"अस्वलं मोजे घाल..." बाबा बोलायला गेले आणि उरलेलं वाक्य त्यांनी गिळलं. घशाला ते जरा टोचलं. "मोजे का घातलेत मग त्याने?"

"घर शोधून शोधून पाय दुखले त्याचे," भिंगरी म्हणाली, पुस्तक घेऊन त्यांच्या अंगावरून सरपटत आत आली आणि त्यांच्या काखेत घुसली. "वाच."

वाचायचं कसं? चष्मा टेबलावर, त्यात काळोख. बाबांना एक अक्षर दिसत नव्हतं, त्यामुळे एक चूकही दिसत नव्हती. पान उलटून ते नुसतं विचारत राहिले, "आणि मग?" भिंगरी सांगत राहिली. अस्वल सशाच्या बिळात डोकं घालून अडकलं. मग ते लिफ्टमध्ये राहायला गेलं, पण लोक सारखे बटणं दाबायचे. मग ते दवाखान्यात गेलं, तिथल्या नर्सने त्याला इंजेक्शन दिलं आणि ते पळत सुटलं. यातलं काहीच पुस्तकात नव्हतं, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. पण अस्वल लिफ्टमधून बाहेर पडताना दारात त्याचं शेपूट अडकलं तेव्हा ते इतके हसले की सबंध खोकं हललं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांचं कामात लक्ष लागेना. भिंगरीने झोपताना एक प्रश्न विचारला होता: गुहेत बसलेल्या अस्वलाला बाहेर कोण आलंय ते कळणार कसं? प्रश्न रास्त होता. खिडकी हवी. पण आईला शब्द दिलेला. बाबांनी खडूने खिडकी काढायचा तोडगा सुचवला, तेव्हा भिंगरी म्हणाली होती, "अस्वल काही बाळ नाहीये."

तिसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती आणि आई दिवसपाळीला गेलेली. जेवण झाल्यावर बाबा खोक्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "अगदी लहानशी. एकच. मागच्या बाजूला. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

त्यांनी पट्टी आणली, पेन्सिलीने रेघा मारल्या आणि पात्याने खिडकी कापली. सुरेख झाली. पण एकच खिडकी म्हटल्यावर अस्वलाला अर्धंच जंगल दिसणार, म्हणून दुसरी कापली. शेजारचा ससा चहाला यायचा म्हटल्यावर त्याच्या उंचीचं दार लागलं. चहा म्हटला की धूर, धूर म्हटला की डिंकाने चिकटवलेलं धुरांडं. एकदा हात वाहायला लागल्यावर बाबांना थांबवणारं घरात कुणी नव्हतं; भिंगरी तर एकेक फर्मान सोडत होती. शेवटी काम कसं झालंय ते आतून बघायला बाबा पुन्हा खोक्यात शिरले, नेमकी तेव्हा दारावरची घंटा वाजली.

बाबांना दुकानदाराचं बोलणं आठवलं. परवा दुपारी! म्हणजे आज! "भिंगरी, थांब, दार..." ते म्हणेपर्यंत भिंगरीने स्टुलावर चढून कडी काढलीसुद्धा.

दारात दुकानाची दोन माणसं होती, एक उंच आणि एक ठेंगणा. दोघांच्या खांद्यावर पट्टे, कपाळावर घाम.

"घरात कोण आहे, बाळ?" उंच माणसाने विचारलं.

"अस्वल."

"मोठं माणूस कुणी?"

"मोठं आहे," भिंगरी म्हणाली, "पण माणूस नाहीये."

"बाबा कुठे गेले तुझे?"

"अस्वलाने खाल्ले."

ठेंगण्याने उंच माणसाकडे पाहिलं. उंच माणूस आत आला. खोलीच्या मधोमध खोकं होतं. त्याला दोन खिडक्या, एक दार आणि वर एक धुरांडं. एका खिडकीतून एक डोळा त्याच्याकडे बघत होता.

बाबांच्या डोक्यात माफीचं वाक्य तयार होतं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दुसऱ्या खिडकीतून त्यांना भिंगरीचा चेहरा दिसला. ती श्वास रोखून उभी होती, डोळे बशीएवढे झालेले.

"गुर्रर्र!" बाबा म्हणाले.

ठेंगणा एका उडीत जिन्यात गेला. भिंगरी आनंदाने किंचाळली. उंच माणूस मात्र जागचा हलला नाही. त्याने गुडघ्यांवर हात ठेवले, खाली वाकला आणि सरकारी आवाजात म्हणाला, "अस्वलसाहेब, फ्रिज न्यायला आलोय. सही लागेल."

खिडकीतून एक पंजा बाहेर आला. पंजात तांबडं पेन होतं.

"सही राहू द्या," उंच माणूस म्हणाला. "या खोक्यात घालून फ्रिज नेला, तर मालक आम्हालाच खोक्यात घालेल. हे खोकं कोणी कापलं?"

"हे खोकं नाहीये," भिंगरी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "गुहा आहे. तुम्ही पाय पुसले नाहीत."

उंच माणूस निमूटपणे दाराशी गेला आणि पाय पुसून आला. ठेंगणाही जिन्यातून परतला आणि पुसून आत आला.

आता बाबांनी बाहेर यायचं ठरवलं, पण त्यांचं पोट ठरवेना. ते उभे राहायला गेले तर खोकंही त्यांच्याबरोबर उठलं आणि खोलीभर फिरून टेबलाला धडकलं. शेवटी त्या दोघांनी एकेक पाय धरला, भिंगरीने मागून ढकललं आणि बाबा बाहेर आले. केसांत पुठ्ठ्याचे कपटे, नाकाला डिंक.

"माझ्या हातून कापलं गेलं," ते खाली बघत म्हणाले.

"गेलं कसं? चांगलं पट्टी लावून कापलंय," ठेंगणा म्हणाला. अस्वलाला घाबरल्याचा राग त्याला काढायचा होता.

उंच माणसाने मालकाला फोन लावला. मालकाचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. खोकं नाही, तर बदली नाही. फोन ठेवून तो स्वयंपाकघरात गेला, फटीत हात घालून बघितला, बाहेर आला आणि खोलीवर नजर फिरवत म्हणाला, "इथे, खिडकीजवळ ठेवला तर दार सताड उघडेल."

"बाहेरच्या खोलीत? फ्रिज?" बाबा म्हणाले.

"गुहेशेजारी बर्फाचा डोंगर!" भिंगरी म्हणाली.

मग तिघांनी मिळून बर्फाचा डोंगर ओढत आणला. त्याच्यासाठी पुस्तकांचं कपाट सरकवलं, कपाटासाठी टेबल सरकवलं, आणि टेबल जाऊन स्वयंपाकघरात फ्रिजच्या जागी अगदी मापात बसलं. जाताना ठेंगणा धुरांड्यापाशी रेंगाळला. "यातून धूर कसा काढणार?" त्याने विचारलं. भिंगरी म्हणाली, "तू फुंक मार." त्याने इकडेतिकडे बघून मारली.

संध्याकाळी आई घरी आली. दिवसभर उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडले होते. तिने चपला काढल्या, वर बघितलं, आणि तशीच उभी राहिली. समोर फ्रिज. फ्रिजशेजारी धुरांड्याचं घर. मध्ये नवरा, डोक्यात कपटे.

"ओरखडासुद्धा नको, असं मी म्हटलं होतं ना?"

"ओरखडा नाहीये," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले. "कापलंय."

आईने मोठा श्वास घेतला. पुढे काय येणार ते ओळखून बाबांनी डोळे मिटले.

"आई, हळू बोल ना," भिंगरी कुजबुजली. "अस्वल झोपलंय."

"अस्वल? अस्वल तर इथे उभं आहे!"

"हे बाबा आहेत. अस्वलाने खाल्ले होते, पण परत दिले. चव आवडली नाही."

आईने ओठ दाबून धरले. राग टिकवायचा तिने मनापासून प्रयत्न केला, पण तिची नजर नवऱ्याच्या नाकावरच्या डिंकावर गेली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती खाली बसली, ती पुन्हा उठेना.

"आत जागा आहे का गं?" तिने विचारलं.

भिंगरीने खिडकीतून आत डोकावून चौकशी केली. "आहे. पण कुशीवर झोपावं लागेल. ते घोरतं."

आई खोक्यात शिरली. थोड्या वेळाने आतून खरंच घोरणं ऐकू आलं. बाहेर राहिलेल्या पायांवर बाबांनी चादर घातली. मग बापलेक चवड्यांवर चालत फ्रिजपाशी गेले आणि त्यांनी दार सताड उघडलं. भिंगरीने दूध काढलं, बाबांनी पाव आणि लोणी काढलं, आणि आवाज नको म्हणून दोघं तिथेच, फ्रिजच्या उजेडात, जमिनीवर बसून खायला लागले.

"दार लावा," गुहेतून झोपाळू आवाज आला. "खिडकीतून गारठा येतोय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी हळूच दार लावलं.