मेंदीच्या कोनातलं तेल

सुधाकरांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची जुनी फियाट एव्हरशाईन सिटीतल्या इमारतीखाली जी उभी राहिली ती राहिलीच. शेवटची लावताना हँडब्रेक त्यांनीच ओढला होता. दोन वर्षांत तो कुणी सोडला नाही. २००२च्या दिवाळीनंतर सोसायटीने पाण्याची टाकी दुरुस्तीला काढली, तेव्हा गाडी हलवायची वेळ आली. चौघांनी जोर लावला, पण मागची चाकं तसूभर हलली नाहीत.

"काका, आता मोह सोडा," सेक्रेटरी परेश म्हणाला. "कामणचा एक भंगारवाला ओळखीचा आहे. येऊन उचलून नेईल."

सुधाकर म्हणजे तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून काढलेला माणूस. आता उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा.

"चार दिवस द्या आम्हाला," सुधाकरांच्या पत्नी सरोजिनीबाई म्हणाल्या.

घरात आल्यावर सुधाकरांनी विचारलं, "चार दिवसांत काय करणार आहेस? हँडब्रेकच्या केबल गंजून धरल्यात. चाकं, ब्रेकचे ड्रम, सगळं उतरवावं लागेल."

"तुम्ही सांगा, मी उतरवते. फक्त वर्कशॉपात ओरडायचात तसं ओरडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीशेजारी खुर्ची टाकून सुधाकर बसले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या सरोजिनीबाईंनी जुना गाऊन चढवला, पुढच्या चाकांना विटा लावल्या आणि जॅक फिरवायला घेतला. गाडी उचलल्यावर खाली लाकडी ठोकळे सरकवले. निघालेला प्रत्येक नट वहीच्या कागदावर ठेवून त्या शेजारी नंबर घालत. ते बघून सुधाकरांना हसू आलं. असा नीटनेटका हेल्पर त्यांना कधी मिळाला नव्हता.

ड्रम मात्र निघेनात. "फळी लाव आणि तिच्यावर मार. एका जागी नको, गोल फिरत मार," ते सांगत राहिले. दुपारपर्यंत दोन्ही ड्रम सुटले. केबलही निघाल्या, पण आतली तार बाहेरच्या नळीत घट्ट बसलेली.

"पकडीत धर आणि हिसका दे."

"नको. तुटली तर?"

"अगं, मी सांगतोय ना!" सुधाकरांचा आवाज चढला.

सरोजिनीबाईंनी एकदा फक्त त्यांच्याकडे बघितलं आणि दोन्ही केबल घेऊन त्या वर गेल्या. बाल्कनीतल्या कपड्यांच्या दांडीला त्या उभ्या टांगल्या. प्लास्टिकच्या पिशवीचे मेंदीला करतात तसे कोन केले, ते नळीच्या वरच्या तोंडांना रबराने आवळले आणि त्यांत रॉकेल मिसळलेलं इंजिन ऑइल ओतलं. खाली जुने डबे ठेवले.

संध्याकाळी वर आल्यावर सुधाकरांनी ते कोन पाहिले. वर्कशॉपात ते केबल तेलात बुडवून ठेवायचे. तेल असं वरून आपल्या वजनाने उतरू द्यावं, हे तीस वर्षांत त्यांना सुचलं नव्हतं. "हे माझ्या डोक्यात आलं नसतं," ते हळूच म्हणाले.

"आलं असतं. तुम्हाला धीर कुठे असतो?"

दोन दिवस येता-जाता त्या तार जराशी पुढे-मागे करत राहिल्या. आधी केसभर, मग बोटभर. तिसऱ्या दिवशी डब्यात तपकिरी, गंजकट तेल ठिबकलं आणि तार सरसर सरकली. ग्रीस भरून त्यांनी सगळं कागदावरच्या नंबरांच्या उलट क्रमाने जोडलं. सुधाकरांना एकदाही टोकावं लागलं नाही.

चौथ्या दिवशी तीच चार माणसं आली. हँडब्रेक सुटला होता. पहिल्याच धक्क्याला गाडी निघाली आणि नव्या जागेवर गेली. तिथल्या उतारावर सरोजिनीबाईंनी हँडब्रेक ओढला. परेशने मागून खांदा लावून पाहिला. गाडी जागची हलली नाही.

"काकू, माझ्या स्कूटरची क्लचची केबल फार जड झालीय," तो जरा चाचरत म्हणाला. "बघाल का?"

सरोजिनीबाई हातावरचं ग्रीस पुसत होत्या. त्यांच्याआधी सुधाकरच बोलले. खुर्चीत ताठ बसून, एकेक शब्द सावकाश उच्चारत.

"रविवारी आण. पण दोन दिवस लागतील. घाई केलेली हिला चालत नाही."