सावलीच्या मोसमाआधी

हासनच्या नियंत्रण केंद्रात त्या जुन्या उपग्रहाचा चन्नबसप्पा हा एकटाच सोबती उरला होता. बरोबर काम केलेले बाकीचे केव्हाच निवृत्त झाले होते, आणि घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. खोलीतले सगळे त्या उपग्रहाला मुलगीच म्हणत.

सावलीचा मोसम तोंडावर आला होता. वर्षातून दोनदा, काही आठवडे, पृथ्वी उपग्रह आणि सूर्य यांच्या मधे येते. मग रोज काही वेळ उपग्रह अंधारात बुडतो, आणि त्या जीवघेण्या थंडीत त्याची ऊब बॅटरीवरच टिकते.

“सर, एवढा मोसम काढेल का ही?” शिफ्टप्रमुख चैत्राने विचारलं. “काढेल म्हणालात तर ठेवू. नाहीतर इंधन आहे तोवर वरच्या रिकाम्या कक्षेत ढकलून बंद करू. इथेच गारठून मेली, तर इतरांच्या वाटेत पडून राहील.”

“तुला कसली घाई झालीय, चैत्रम्मा?”

“मला कसली? तुम्हीच पोरीची ओटी भरून पाठवणी करत नाही!”

पलीकडे दोघे फिस्सकन हसले. चन्नबसप्पाही कसनुसा हसला.

पडद्यावर बॅटरीचा आकडा चांगला दिसत होता. पण उन्हात तो चांगलाच दिसतो. सौरपंख वर्षानुवर्षांच्या किरणोत्सर्गाने झिजले होते. गेल्या मोसमात ऊब टिकवायला त्याने एकेक यंत्र बंद करत आणलं होतं. आता बंद करण्याजोगं काही उरलं नव्हतं. तरी ‘हो’ म्हटलं तर कदाचित निभावेलही. रोज सकाळी येऊन जिची खुशाली विचारावी, असं कुणीतरी आणखी सहा महिने असेल.

“नाही काढणार,” तो म्हणाला.

काही दिवसांत तिला वर चढवलं, टाकी रिकामी केली, बॅटरीची जोडणी तोडली. राहिला फक्त उन्हावर चालणारा रेडिओ. आजवर प्रत्येक आज्ञेला तिची पोच येई. रेडिओच बंद करणाऱ्या या शेवटच्या आज्ञेला पोच नसते.

त्याने कळ दाबली. पडद्यावर तिचा संकेत मावळला, नुसत्या खरखरीची रेघ थरथरत राहिली.

“ऐकलं असेल ना तिनं?”

“ऐकलं म्हणूनच गप्प आहे, सर,” चैत्रा हळूच म्हणाली.

खिडकीबाहेरची अँटेनाची मोठी थाळी दुसऱ्या उपग्रहाकडे वळू लागली. ती पुरती वळून थांबेपर्यंत तो पाहत राहिला.