सातव्या भागातली टकटक

"मूठ आवळा," नर्स म्हणाली. तिने दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई टोचली आणि नळीत रक्त उतरायला लागल्यावर पहिल्यांदाच समोरच्या माणसाच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"तुम्ही त्या पाणबुडीच्या मालिकेत होता का हो? दार लावणारे?"

"होतो."

"मला वाटलंच. आम्ही सगळ्याजणी दुपारच्या सुट्टीत बघतो. जुनी असली तरी धरून ठेवते. परवाचा भाग बघून आमच्या मोठ्या सिस्टरांनी डबा तसाच झाकून ठेवला." तिने सुई काढून कापूस ठेवला. "दाबून धरा. एक विचारू? दोन मिनिटं थांबला असतात, तर ती सात पोरं वाचली नसती का?"

"लिहिलेलंच तसं होतं."

"हं," नर्स म्हणाली. उत्तर काही तिला पटलं नाही.

हे गृहस्थ नट नव्हते. आयुष्याची तेहतीस वर्षं त्यांनी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत, दोन नंबरच्या खिडकीमागे बसून काढली. हौशी नाटकांतून कधीमधी हवालदार नाही तर डॉक्टर व्हायचे, तेवढंच. छत्तीस वर्षांपूर्वी, युद्ध संपून पाच वर्षं झाली असताना, पाणबुडीवरची ती मालिका निघाली आणि कुणाच्या तरी ओळखीने त्यांना एका भागात काम मिळालं. सातव्या भागात. त्यात पाणबुडीच्या मागच्या कप्प्यात पाणी शिरतं, तरुण लेफ्टनंट धावत येतो, बाकीची बोट वाचावी म्हणून मधलं लोखंडी दार लावून घेतो आणि त्याचं चाक फिरवतो. सात खलाशी पलीकडे राहतात. ते दार ठोकत राहतात, लेफ्टनंट अलीकडे उभा राहतो. तोंडी एक वाक्य नाही. शेवटी टकटक थांबते आणि तो टोपी काढतो.

तेवढ्या कामाने त्यांचं नावच बदललं. दुसऱ्या दिवसापासून कचेरी त्यांना लेफ्टनंट म्हणायला लागली, ती निवृत्तीच्या दिवसापर्यंत. मुलाचा दाखला न्यायला आलेला बाप खिडकीतून वाकून म्हणायचा, "आमचं काम झाल्याशिवाय खिडकी लावू नका हं साहेब." लेफ्टनंट हसायचे. पण समोरच्या दुकानदाराने महिनाभर त्यांच्याकडे न बघता सामान दिलं. घरी पाच वर्षांची मुलगी त्यांना एकही दार लोटू देईना. ते न्हाणीघरात गेले, की बाहेर फतकल मारून रडायची. बायको म्हणाली, "आणखी करा नाटकं." पण म्हणताना तिच्या आवाजात कौतुक होतं.

आता तीच मालिका दुपारच्या वेळी पुन्हा दाखवत होते. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी एक्केचाळीस वर्षांची, संसारात बुडालेली. रविवारी येऊन वडिलांचा फ्रिज आवरून जायची. त्या रविवारी आवरणं राहिलं बाजूला, ती मोबाईल घेऊनच बसली.

"बाबा, त्यांनी सगळे भाग नेटवर टाकलेत. आणि खाली लोक काय काय लिहितात, ऐका. एक जण म्हणतो, या अधिकाऱ्याला पदक द्यायला पाहिजे होतं. त्याच्याखाली दुसरा म्हणतो, पदक द्या आणि त्याच दाराआड कोंडा. एक म्हणतो, खऱ्या पाणबुडीत ते चाक उलट्या बाजूला फिरतं, यांना एवढंही माहीत नाही. आणि ही कोण बाई, म्हणते, दारवाला दिसायला बरा होता, पुढे काय झालं त्याचं?"

"पेन्शनीत निघाला म्हणून कळव तिला."

मुलगी हसली, बोटाने पडदा वर सरकवत राहिली आणि मग तिचं बोट एका जागी थांबलं.

"काय गं?"

"काही नाही." पण तिने वाचून दाखवलं. "'माझी आत्या आमच्याजवळ असते. तिचा एकुलता एक मुलगा युद्धात पाणबुडीबरोबर गेला. मालिका पहिल्यांदा लागली, तेव्हा तिने या नटाला पत्र लिहून विचारलं होतं, की मुलं एवढा वेळ खरंच दार वाजवत होती का. उत्तर आलं नाही. आता ती शहाऐंशी वर्षांची आहे. अजून हा भाग लागला की पूर्ण बघते आणि मग दोन दिवस बोलत नाही.'" मुलीने मोबाईल खाली ठेवला. "बाबा, असं पत्र आलं होतं तुम्हाला?"

लेफ्टनंट उठले. शोधाशोध करायची गरज नव्हती. कारकुनाचं घर ते. कपाटातल्या तिसऱ्या फायलीत, विम्याच्या कागदांमागे पत्र होतं. त्यांनी ते मुलीच्या हातात दिलं आणि स्वतः पाठमोरे उभे राहिले.

"तुमचं काम पाहिलं. चांगलं केलंत," बाईंनी लिहिलं होतं. "माझा मुलगा पाणबुडीवर इंजिनाकडे होता. तेवीस वर्षांचा. सरकारी पत्रात आहे, की सगळं क्षणात झालं, कुणाला काही कळलं नसेल. तुमच्या भागात मात्र मुलं बराच वेळ दार वाजवतात. तुम्हाला हे काम शिकवताना कुणी माहितगार असेलच. खरं काय ते कळवावं. मी रडणारी बाई नाही. मला माहीत असावं, इतकंच."

"तुम्ही का नाही लिहिलंत?" मुलीने विचारलं.

ते काय सांगणार? पत्र आलं तेव्हा त्यांना आनंद झाला होता, हे कोणत्या तोंडाने सांगणार? आपलं काम एवढं खरं वाटलं, या आनंदात त्यांनी ते पत्र आठवडाभर शर्टाच्या खिशात घालून मिरवलं होतं. कचेरीत चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. हेडक्लार्क पाठ थोपटून म्हणाले होते, "यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही, लेफ्टनंट." उत्तर रविवारी निवांत लिहू असं त्यांनी ठरवलं, आणि पुष्कळ रविवार गेले. महिना झाल्यावर लिहायला संकोच वाटला, वर्ष झाल्यावर लाज. बायकोने तीनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "रोज खिडकीत बसून कोण कशाने गेलं ते लोकांना लिहून देता ना? मग या बाईंनीच काय घोडं मारलंय?" त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

"राहून गेलं," ते मुलीला म्हणाले.

बुधवारी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पत्रावरच्या पत्त्यावर जायला बस धरली. दोन तासांचा प्रवास. पत्ता जुना, माणसं तिथे असतील की नाही कोण जाणे, असं मनाशी म्हणत ते गेले खरे. पण माणसं नसती तर बरं, असंही वाटेत दोनदा वाटून गेलं. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी बेल दाबली. पन्नाशीच्या एका बाईने पदराला हात पुसत दार उघडलं. त्यांनी तोंड उघडण्याआधीच तिने ओळखलं. ही ती नेटवर लिहिणारी भाची.

"आत्ता आलात?" ती म्हणाली.

"हो."

"मी काही तुम्ही यावं म्हणून लिहिलं नव्हतं. रागाने लिहिलं होतं." ती दारातून हलली नाही. "हे बघा, तिचं आता वय झालंय. तिला त्रास होईल असं काही सांगणार असाल, तर इथूनच जा."

"आत्तापर्यंत त्रास झालाय तो माझ्यामुळेच," लेफ्टनंट म्हणाले. "आता होऊ नये म्हणून आलोय."

तिने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि बाजूला झाली.

आत्या खिडकीशी बसून एका जुन्या कोटाची शिवण उसवत होत्या. आयुष्यभर शिवणाचे वर्ग घेतलेली बाई. ब्लेड धरलेली बोटं अजून स्थिर होती. भाचीने कानाशी वाकून कोण आलंय ते सांगितलं. आत्यांनी मान वर केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "आवाजावरून तर ओळखलं नसतं. त्या भागात तुम्ही बोलतच नाही. नुसते उभे राहता."

"मावशी, तुमचं पत्र मला मिळालं होतं."

"मिळालं असेलच. पत्ता बरोबर होता."

भाची चहा टाकायला आत गेली. लेफ्टनंट खुर्चीच्या कडेवर बसले. बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं त्यांना नको झाली.

"तुमच्या मुलाचं काय झालं, ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "मला कुणी माहितगाराने काही शिकवलं नव्हतं. मला फक्त माझ्या दाराचं ठाऊक आहे. ते लोखंडाचं नव्हतं. प्लायवूडला करडा रंग दिला होता. मागे पाणी नव्हतं, खलाशी नव्हते. एक सुतार आणि त्याचा मेव्हणा, दोघं पाइप आवळायचे लोखंडी पाने घेऊन उभे होते."

आत्यांचं ब्लेड थांबलं.

"भाग दीड मिनिटाने कमी भरत होता. दिग्दर्शक म्हणाले, टकटक वाढवा, मी थांबा म्हणेपर्यंत थांबू नका. म्हणून ती एवढी आहे."

"बेचाळीस आहेत," आत्या म्हणाल्या. "मी मोजल्यात. शेवटच्या तीन हळू होतात."

"सुताराचा हात भरून आला होता."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतं. ते थांबल्यावर आत्यांनी विचारलं, "म्हणजे कुणाला विचारून, माहिती काढून, असं काही नाही?"

"काही नाही."

"मी म्हणत होते, शेवटच्या तीन त्याच्या असतील. तो चिवट होता." त्यांनी कोट मांडीवर पसरला, हाताने सारखा केला. "एवढंच होतं, तर कळवायचं होतंत."

हे त्या चढ्या आवाजात म्हणाल्या असत्या, तर लेफ्टनंटांना सोसलं असतं. दळण राहिलं तर सांगायचं होतंत, अशा सुरात त्या म्हणाल्या. लेफ्टनंटांनी मान खाली घातली. मग, आता लपवून काय करायचं म्हणून, पत्र खिशात घालून मिरवल्याचं, कचेरीत वाचून दाखवल्याचं, सगळं सांगून टाकलं. मध्ये कुठेही त्यांनी माफी हा शब्द वापरला नाही. तो शब्द मागणारा वाटतो, आणि त्यांना काही मागायचं नव्हतं.

आत्यांनी ऐकून घेतलं. तीन-चार टाके उसवले. दोरे निपटून वाटीत टाकले.

"तरुण होतात," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि तो सुतार? ठोकता ठोकता त्याला काही लागलं वगैरे नाही ना?"

"लागलं ना. पहिल्या वेळी मेव्हण्याचा पाना सुताराच्याच अंगठ्यावर बसला. त्याने अशी काही शिवी हासडली, की सगळं पुन्हा करावं लागलं. मी अलीकडे एवढा गंभीर चेहरा करून उभा, आणि दारामागून मेव्हण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार."

आत्या हसल्या. फार नाही, खांदे जरासे हलले. हसताना त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि तो तिथेच बराच वेळ धरून ठेवला. खांदे अजून हलत होते. लेफ्टनंटांनी नजर खिडकीबाहेर वळवली आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत राहिले.

पदर खाली आला, तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला होता.

"वय काय तुमचं आता?"

"पासष्ट."

"तो चौसष्टचा असता." त्यांनी चष्म्याची काच पदराने पुसली आणि चष्मा पुन्हा चढवला. "जरा उजेडात सरकता?"

लेफ्टनंटांनी खुर्ची खिडकीजवळ ओढली. आत्या त्यांच्याकडे बघायला लागल्या. कान बघितले. मानेवरची सैल झालेली कातडी, भुवईतले लांब वाढलेले पांढरे केस, गालावरचे काळे डाग. घाई कसलीच नव्हती.

"माझ्या डोळ्यांपुढे तेवीसच्या पुढे काही येतच नाही," त्या म्हणाल्या. "मान वाकवा जरा."

त्यांनी वाकवली. टाळूवर, जिथे केस जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिथे आत्यांचं बोट टेकलं.

"त्याच्या वडिलांचे इथूनच गेले आधी. त्याचेही गेले असते."

"गेले असते," लेफ्टनंट म्हणाले.

भाची चहाचे कप घेऊन आली आणि दारातच थबकली. वाकून वाकून लेफ्टनंटांच्या कमरेत कळ यायला लागली होती. ते हलले नाहीत. आत्यांचं बघून होईपर्यंत ते तसेच बसून राहिले.