तीन क्लिक डावीकडे

ओस्लोजवळच्या होल्मेनकोलेनच्या टेकडीवर मार्चमध्ये धुकं येतंच, त्यात नवल काही नाही. पण हंगामाच्या शेवटच्या शर्यतीच्या दिवशी, शर्यतीला अर्धा तास उरलेला असताना ते यावं, याबद्दल मी त्याला आधी मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि मग मोठ्यानं घातल्या.

"तुरीद, बस जरा कुठेतरी," माझी धाकटी बहीण योरुन म्हणाली. "तुझ्या येरझाऱ्या बघून माझीच नाडी वाढायला लागलीय."

"मी कुठे येरझाऱ्या घालतेय?"

"बर्फाला विचार. वाट पडलीय तिथे."

खरंच पडली होती. आमच्या तंबूपासून नेमबाजीच्या रेंजच्या कुंपणापर्यंत आणि परत. मी थर्मासमधून चौथी कॉफी ओतून घेतली, ती प्यायले नाही, आणि पुन्हा चालायला लागले.

योरुनच्या अंगात पिवळी जर्सी होती. पिवळी जर्सी म्हणजे नोव्हेंबरपासून झालेल्या सगळ्या शर्यतींचे गुण धरून जी सगळ्यांच्या पुढे आहे ती. आज संध्याकाळपर्यंत ती पुढे राहिली, तर हंगामाचा करंडक, तो मोठा स्फटिकाचा गोल, तिचा. गेली दोन वर्षं ती त्या गोलापासून एक पायरी खाली उभी राहून टाळ्या वाजवत आली होती. दोन्ही वेळा घरी येताना ती गाडीत एक अक्षर बोलली नव्हती. आमचं गाव त्रिसिल येईपर्यंत तीन तास मी नुसता रस्ता बघत गाडी चालवली होती.

या वेळी ती वीस गुणांनी पुढे होती. मागे फ्रान्सची सोलेन. सोलेन आज पहिली आली, तर योरुनला दुसरं यावंच लागणार होतं. पहिलीला नव्वद गुण, दुसरीला पंचाहत्तर, तिसरीला पासष्ट; म्हणजे योरुन तिसरी आली, तर गोल पाच गुणांनी फ्रान्सला. हा हिशेब मी रात्रभर इतक्या वेळा केला होता, की सकाळी पावावर चीज ठेवतानाही तोच करत होते.

आमची शर्यत म्हणजे पाठीवर रायफल घेऊन स्कीवर पळायचं आणि मध्ये चार वेळा थांबून नेम मारायचा, दोनदा झोपून, दोनदा उभ्यानं. मी टीमची नेमबाजीची कोच. शर्यत चालू असताना रेंजच्या मागे दुर्बीण लावून उभं राहायचं, कुठली गोळी कुठे लागली ते बघायचं, आणि वारा फिरला तर आत येणाऱ्या मुलीला ओरडून सांगायचं की रायफलवरची नेम धरायची साईट किती क्लिक फिरव आणि कुठल्या बाजूला. साईटची घुंडी फिरवायची ती मात्र जिच्या पाठीवर रायफल तिनंच. कोचनं हात लावायचा नाही. हा नियम मीच सगळ्या मुलींना घोकून घोकून पाठ करायला लावला होता.

सकाळी नेम लावून घेतला तेव्हा डावीकडून सणसणीत वारा होता. योरुननं साईट तीन क्लिक डावीकडे घेतली आणि पाचच्या पाच गोळ्या मध्यावर बसवल्या. मग धुकं आलं. शर्यत आधी वीस मिनिटं पुढे गेली, मग आणखी वीस. वारा पार मेला. लक्ष्यांजवळचे छोटे लाल झेंडे दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यांसारखे लोंबायला लागले.

"मी कोरडे कपडे घालून येते," योरुन म्हणाली आणि रायफल माझ्या हातात दिली. "साईट पुसून ठेव, दव बसलंय."

मी पुसली. पुसता पुसता झेंड्यांकडे पाहिलं. वारा नाही, मग हे तीन क्लिक कशाला? आणि माझ्या या बोटांनी, ज्यांना सकाळपासून काहीतरी करायला हवंच होतं, घुंडी धरली आणि टक, टक, टक, तीन क्लिक उजवीकडे. साईट पुन्हा मूळ जागी. योरुन आली की सांगायचं, बस.

योरुन आली आणि तिच्या मागोमाग ओस्वाल. ओस्वाल आमचा मेणवाला, स्कींना मेण लावणारा, साठीचा माणूस, एरवी मेला तरी घाई न करणारा. तो चक्क पळत आला होता.

"ही स्की नको! बर्फ ओला झालाय, ही चिकटणार. दुसरी जोडी घे."

"आत्ता सांगतोस?" मी ओरडले.

"आत्ता ओला झाला, मग आत्ताच सांगणार ना! काल सांगू का?"

मग जी धावपळ झाली तिच्यात स्की बदलल्या, काठ्यांचे पट्टे पुन्हा बांधले, कुणीतरी कॉफी सांडली, स्पीकरवर नावं पुकारायला लागली. योरुननं रायफल पाठीवर घेतली, माझ्या टोपीवर टपली मारली आणि गेली. मी दुर्बिणीकडे धावले. साईटचं सांगायचं राहून गेलं, आणि राहिलंय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

तीस जणी एकदम सुटल्या. जंगलात शुक्रवारपासून तळ ठोकून बसलेले लोक शेकोट्यांजवळून घंटा बडवत होते. त्यांना धुक्यात काही दिसत नव्हतं, पण आवाज अर्ध्या ओस्लोला जाईल इतका होता.

पहिली नेमबाजी झोपून. योरुन आत आली, चटईवर पडली. पहिली गोळी. लक्ष्य पडलं, पण गोळी उजव्या कडेला लागलेली. दुसरी, पुन्हा उजवी कडा. तिसरी बाहेर. चौथी कड घासून आत. पाचवी बाहेर. पाचही गोळ्या एका मुठीत मावतील इतक्या जवळ होत्या, आणि सगळ्या उजवीकडे.

नेम चुकणाऱ्याच्या गोळ्या अशा लागत नाहीत, साईट फिरलेली असली की लागतात. तिनं सुरुवातीच्या रांगेत लोंबणारे झेंडे पाहिले असणार आणि शहाण्या मुलीसारखं आपले तीन क्लिक काढले असणार. तिला मी शिकवलं होतं तसंच. ते मी आधीच काढलेले होते.

दोन गोळ्या चुकल्या म्हणजे दंडाच्या दोन फेऱ्या. ती फेऱ्यांची वाट रेंजला लागूनच आहे. योरुन माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचा चेहरा गोंधळलेला होता.

"काय झालं?"

"तीन डावीकडे घे!"

दुसऱ्या फेरीत ती पुन्हा समोर आली. "वारा?" तिनं विचारलं.

तेवढाच एक क्षण होता. मी घुंडी फिरवली, हे तीन शब्द फार नव्हते. पण तिची नाडी एकशे ऐंशीवर, पुढे वीसेक जणी, दोन वर्षांचं ते गाडीतलं गप्प बसणं, आणि मी तिला आत्ता सांगणार की तुझ्या बहिणीनं तुझी साईट बिघडवली? तिचं डोकं फिरलं तर? हे सगळं मी तिच्यासाठी म्हणून स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटली.

"वारा!" मी ओरडले.

ती बाविसावी होऊन जंगलात गेली.

दुसरी नेमबाजी पुन्हा झोपून. तिनं साईट तीन डावीकडे घेतली, पाच गोळ्या, पाच लक्ष्यं. माझ्या बाजूला उभा असलेला स्वीडनचा कोच म्हणाला, "वारा चांगला पकडलास हं. मला तर काहीच जाणवत नाही."

"ओळखता यायला हवा," मी म्हणाले. इतकी निर्लज्ज मी याआधी कधी नव्हते.

धुक्यानं बाकीच्यांचीही दाणादाण उडवली होती. योरुन एकेकीला मागे टाकत नवव्या नंबरवर आली. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उभं राहून मारण्याआधी योरुन वाऱ्यासाठी घेतलेले क्लिक नेहमी काढून टाकते. तिच्या हिशेबात ते तीन क्लिक वाऱ्याचे होते.

मी तिला ओरडले, पण उभ्या नेमबाजीच्या वेळी रेंजमागे एवढा कल्ला असतो की स्वतःचा आवाज स्वतःला येत नाही. तिची बोटं घुंडीकडे गेलेली मी दुर्बिणीतून पाहिली. टक, टक, टक. उभ्यानं मारायची लक्ष्यं मोठी असतात, म्हणून चार पडली. पाचवी गोळी उजव्या कडेच्या किंचित बाहेर. आणखी एक दंडाची फेरी. त्या फेरीत तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. झेंड्यांकडे पाहत गेली.

ती सहावी. सोलेन सगळ्यांच्या पुढे. आता एकच नेमबाजी उरली होती.

रेडिओवरून वरच्या चढावर उभ्या असलेल्या आमच्या माणसाला निरोप देता आला असता. पण रेडिओ सगळी टीम ऐकते. होय, तेव्हाही मी हाच विचार केला. मग दुर्बीण तशीच सोडली आणि कुंपणाखालून वाकून, रेंजकडे वळणाऱ्या शेवटच्या उताराकडे पळत सुटले. गुडघाभर बर्फात दोनदा पडले. एका शेकोटीवरचे लोक मला सॉसेज देऊ करत होते. मी त्यांच्या अंगावर खेकसले.

योरुन धुक्यातून आली. मी दोरीवर ओणवून ओरडले, "साईट तीन क्लिक उजवीकडे गेलीय! सुरुवातीपासून! मी फिरवली होती, योरुन, मी! वारा नव्हताच!"

तिनं मान वळवली. एवढंच दिसलं. ती गेली.

मी परत दुर्बिणीपर्यंत पोचले नाही. कुंपणाशीच उभी राहून मोठ्या पडद्यावर पाहिलं. योरुन चटईवर उभी राहिली, रायफल खाली घेतली आणि साईट फिरवली. एक. मग एक. मग आणखी एक. प्रत्येक क्लिक ती मोजून, बोट थांबवून घेत होती. मला त्या सेकंदांनी जाळलं. शेजारची स्वीडनची तिल्दा तोवर दोन गोळ्या मारून मोकळी झाली होती. मग योरुननं रायफल उचलली आणि पाच गोळ्या अशा मारल्या, की प्रेक्षकांना पाचवीनंतर ओरडायला श्वासच उरला नाही.

सोलेननंही पाच पाडली. ती कधीच पुढे निघून गेली होती. तिल्दा दुसरी, योरुन तिसरी, मध्ये चार सेकंद.

शेवटची फेरी मी बघूच शकत नव्हते आणि न बघताही राहवत नव्हतं. टोपी काढून हातात पिळत होते. शेवटच्या चढावर योरुननं तिल्दाला गाठलं. मैदानात दोघी एकदम आल्या. आजूबाजूचे अनोळखी लोक माझे खांदे धरून उड्या मारत होते. सोलेन रेषेपलीकडे हात वर करून वाट बघत होती. तिचं सगळं आता या दोघींवर होतं. रेषेवर दोघींनी पाय पुढे टाकले.

फोटो बघून निकाल द्यायला त्यांना दोन मिनिटं लागली. तिल्दा एका बुटाच्या अंतरानं पुढे होती.

मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा योरुन बर्फात बसली होती, रायफल अजून पाठीवरच. ओस्वाल तिच्या अंगावर जॅकेट टाकत होता. मला पाहून तो बाजूला झाला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण माझं तोंड बघून त्याला कळलं असावं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी सगळ्यांना सांगते. टीव्हीवाल्यांना सांगते. मी घुंडीला हात लावायलाच नको होता. मला बसवत नव्हतं गं, मला काहीतरी..."

"घुंडीचं सोड," योरुन म्हणाली. अजून तिचा श्वास जागेवर नव्हता. "चुका होतात. मी गेल्या वर्षी दंडाची फेरी विसरले होते. कुणी खाल्लं का मला?"

"मग?"

"मी तुला विचारलं होतं, वारा? झेंडे हलत नव्हते, तुरीद. मी झोपले तेव्हा समोर होते ते. मला दिसत होतं की वारा नाही. तरी तुझं ऐकलं."

मी तिच्या शेजारी बर्फात बसले.

"आणि उभ्याला एक गेली, तेव्हा मला वाटलं माझे हात थरथरतायत. वाटलं, झालं, या वर्षीपण मी घाबरले. अख्खी फेरी मी तेच घोकत होते." तिनं हातमोज्यानं नाक पुसलं. "खरं सांगितलं असतंस, तर मला राग आला असता. रागावून मी बरी पळते."

स्पीकरवर हंगामाच्या पहिल्या तिघींना पुकारायला लागले. सोलेन आमच्याजवळून गेली, थांबली, वाकून योरुनला तिनं घट्ट मिठी मारली आणि कानात काहीतरी फ्रेंचमध्ये म्हणाली. दोघीही रडत होत्या. मग सोलेन गेली. योरुन उठली, अंगावरचा बर्फ झटकला.

"पुढच्या हंगामात," ती म्हणाली, "मी आत येईन तेव्हा कुणाकडे बघू? झेंड्याकडे की तुझ्याकडे?"

ती चिडून विचारत नव्हती. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं, आणि आज पहिल्यांदा तिनं विचारलेल्याला मला सरळ उत्तर देता येणार होतं.

"झेंड्याकडे," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. रायफल उतरवून ओस्वालच्या हातात दिली आणि तिसऱ्यांदा त्याच पायरीवर उभी राहायला गेली.