घरघर गिळणारा हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझा काळा रंग कडांवरून उडाला आहे, उजव्या बिजागरीला तांब्याची तार गुंडाळलेली आहे आणि कानांवरच्या गाद्या मूळच्या नाहीत, नंतर बसवलेल्या आहेत. नांदेडजवळच्या लोहा गावातल्या एका पिठाच्या गिरणीत दळणाच्या पिशव्या अडकवायच्या खिळ्यावर मी लटकतो. अंगावर कायम पिठाचा थर असतो. म्हातारपणी केस पांढरे होतात, तसा मी सगळाच पांढरा झालो आहे.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने माझ्या दोन्ही बाजूंना बारीक मायक्रोफोन बसवले, एवढेच आठवते. माझी सगळी करामत त्यांच्यात आहे. बाहेर पंखा, मोटर, इंजिन असे काही एकसुरी घरघरत असेल, तर ते मी आधी ऐकतो आणि त्याच्या अगदी उलटा आवाज कानात सोडतो. दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि माणसाला शांत वाटते. लोकांना ही जादू वाटते, पण हे कष्टाचे काम आहे बरे का! ज्याला मिटवायचे, त्याचा सूर न् सूर आधी ऐकून घ्यावा लागतो.

मला ज्यांनी घेतले ते शिवशंकर अप्पा लोह्याचे गिरणीवाले. पुढे गिरणी, मागे घर आणि मध्ये एकच भिंत. त्यांची मुलगी दामिनी तेव्हा अकरावीत गेली होती आणि डॉक्टर व्हायचे तिने मनात धरले होते. पण तिच्या अभ्यासाची वेळ तीच दळणाच्या गर्दीची वेळ. कानात कापूस घालून झाला, डोक्याला ओढणी बांधून झाली. शेवटी तिने रडून विनवले तेव्हा अप्पा संध्याकाळी गिरणी बंद ठेवू लागले. बायका डबे घेऊन यायच्या, कुलूप बघून दुसऱ्या गिरणीची वाट धरायच्या.

"गिरनी बंद ठिवून पोरगी शिकवायले तुमी," तुळजाबाई, म्हणजे दामिनीची माय, एक दिवस म्हणाली. "मंग फी काय दगडं भरनार हायत का?"

तिलाच कोणीतरी आमच्या जातीच्या हेडफोनांविषयी सांगितले होते. तिघे एसटीने नांदेडला आले.

दुकानात मी काचेच्या कपाटात मधल्या फळीवर बसलो होतो. वरच्या फळीवर एक चकचकीत महागडा, खालच्या फळीवर लाल दिवे लुकलुकणारा एक स्वस्त. दुकानदाराने आधी वरचा दाखवला, मग खालचा. मधल्याला कोण विचारतो! पण तुळजाबाईने आम्हा सगळ्यांना खाली उतरवायला लावले आणि चाळणी घ्यावी तसे एकेकाला उलटेपालटे करून पाहिले.

"ह्याची गादी फाटली तर निराळी मिळती का?"

"नाही मावशी, ती चिकटवलेली असते."

"मंग ऱ्हाऊ द्या. घामानं पयली गादीच जाती."

लाल दिव्यांचा तिने जरा वाकवला तर त्याने कुईं केले. "ह्यो तर आत्ताच कुरकुर करून ऱ्हायला," असे म्हणून तिने त्यालाही बाजूला सारले. माझी गादी निघत होती आणि पुन्हा बसत होती. डोक्यावरची पट्टी आतून पोलादी होती. चार्जिंग संपले तरी वायर लावून माझ्यातून ऐकता येत होते, आणि त्या वायरीतूनच फोनवर बोलताही येत होते. तुळजाबाईने मला हातात धरून ठेवले. मला तेव्हा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

अप्पांचे मात्र समाधान होईना. "हितं तर शांतच हाय," ते म्हणाले. "शांततेत समदेच चांगले. घरघरीत दाखवा."

दुकानदाराला वाटले, गंमत करतात. पण मागच्या गल्लीत एक गिरणी होती आणि अप्पांनी तिचा आवाज येतानाच हेरला होता. गिरणीवाला गिरणीवाल्याला नाही म्हणत नाही. "मी लोह्याचा, आपलीबी गिरनीच हाय," एवढेच अप्पा म्हणाले, आणि त्या अनोळखी मालकाने चालू दळणात जागा करून दिली. दुकानदारही आम्हा सगळ्यांना घेऊन मागोमाग आला. दामिनीला पिठाच्या डब्यावर बसवले आणि एकेक हेडफोन तिच्या कानांवर चढू लागला. रांगेतल्या बायका पदराआड हसत होत्या. महागड्याने घरघर मिटवली, पण मागून मायने मारलेली हाकही गिळली. माझी पाळी आली. घरघर खाली बसली आणि तुळजाबाईने "दामे!" म्हणताच दामिनी वळली.

"ह्योच घ्यायचा," अप्पा म्हणाले. "घरघर गेली तर जाऊ दे, मायची हाक आली पायजे."

असा मी लोह्याला आलो, आणि माझे चांगले दिवस सुरू झाले. रोज संध्याकाळी गिरणी सुरू झाली की दामिनी मला चढवायची. भिंतीपलीकडची घरघर मी गिळायचो आणि ती पुस्तकात बुडायची. गिळता गिळता त्या गिरणीची मला पुरती ओळख झाली. गव्हाचा सूर मऊ, ज्वारीचा भरड, हरभऱ्याच्या डाळीचा कडकड. झिजलेल्या दगडांना छिन्नीने नवी टाकी लावली की दोन-चार दिवस आवाज कसा खणखणीत! मित्रांनो, मला ती घरघर आवडू लागली होती. पण माझे कामच तिला मारायचे, सांगणार कोणाला?

एकदा अप्पा आणि तुळजाबाई नात्यातल्या एका मयतीला गेले. शेजारच्या सरजाबाईंची ज्वारी दळायची राहिली होती, ती दामिनीवर सोपवली होती. तिने दाणे ओतले, मोटर सुरू केली आणि मला कानांवर चढवून सरांचे लेक्चर लावले. इकडे दाणा संपला. गिरणीचा सूर बदलला, दगडावर दगड घासून किरकिरू लागले. खालची घरघर मी गिळली आणि वरची किरकिर सरांच्या आवाजात बुडाली. जळकट वास आला तेव्हा कुठे तिने मान वर केली.

"आगं बया, ह्ये पीठ हाय का राख?" सरजाबाईंनी डब्यात हात घातला. "समदी कचकच हाय की गं. म्या लेकरायला काय घालू आता?"

अप्पांनी परत आल्यावर घरची ज्वारी दळून दिली. दामिनीला ते रागावले नाहीत. तिच्या गळ्यातून मला काढून खिळ्याला अडकवत म्हणाले, "गिरनी मुकी न्हाई बाई. दाना सरला की आदी वरडून सांगती. हितं हुबं ऱ्हायचं तर कान उगडे ठिवायचे."

त्या खिळ्यावर मी पहिल्यांदा लटकलो तो तेव्हा. फार वाईट वाटले. पण त्यानंतर गिरणीपाशी बसताना दामिनी माझा एक कान सरकवून ठेवू लागली. हळूहळू तिलाही ते सूर कळू लागले.

बारावी झाली, पण 'नीट'मध्ये गुण कमी पडले. एक वर्ष पुन्हा तयारी करायची म्हणून ती लातूरला गेली, आणि मीही गेलो. लातूरचे ते वसतिगृह म्हणजे शांततेचा कारखाना! सगळ्या मुली माना खाली घालून वाचायच्या. खोलीतली सोबतीण, बिलोलीची शिवांगी, तर शिंक आली तरी बाहेर जाऊन यायची. मला तिथे कामच उरले नाही. माझी बॅटरी संपली ती संपली, कोणी चार्जिंगला लावले नाही. मी कपाटात पडून राहिलो. गादीचे पापुद्रे निघू लागले.

दामिनीचेही काही खरे नव्हते. ती पुस्तक उघडायची आणि भिंतीकडे बघत बसायची. दर चाचणीला तिचे गुण उतरू लागले. दिवाळीच्या सुट्टीवरून आल्यावर एका संध्याकाळी तिने कपडे बॅगेत भरले, वर मला टाकले आणि स्पीकर सुरू करून घरी फोन लावला. तिच्या मनातला डॉक्टर त्या संध्याकाळी बॅगेत बांधला जात होता आणि मी ते उघड्या चेनमधून बघत होतो.

"अप्पा, मी येऊन राहिले घरी. मला न्हाई जमत."

अप्पांनी फोन घेण्यासाठी गिरणी बंद केली असावी. पलीकडे काहीच आवाज नव्हता. मग ते म्हणाले, "ये की. घर तुजंच हाय. पर तिथं तरास काय हाय?"

"लई शांत हाय अप्पा. डोकंच चालत न्हाई."

अप्पा उपदेश करणारे नव्हेत. "थांब," एवढेच म्हणाले आणि त्यांनी खटका दाबला. पट्टा फडफडला, दगड फिरले. दामिनीने घाईघाईने मला बॅगेतून काढले आणि वायर फोनला लावली. आणि ती घरघर माझ्यातून तिच्या कानात शिरली.

मित्रांनो, जिला मी इतके दिवस दारातच अडवले, तिला त्या दिवशी मीच हाताला धरून आत आणले. ज्वारीचा भरड सूर होता तो. दामिनीने डोळे मिटले. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या फाटक्या गादीत मुरले. मलाही गलबलून आले. आम्ही दोघेही खोलीत नव्हतोच, लोह्यात होतो, त्या भिंतीला टेकून.

बऱ्याच वेळाने सूर बदलला. भरड आवाज पातळ झाला, त्यात किरकिर आली. दामिनी ताडकन उठली.

"अप्पा! दाना सरला! दगड रिकामे चाललेत!"

"आं?"

"दाना टाका आदी!"

भस्सकन दाणे पडल्याचा आवाज आला आणि सूर पुन्हा भरड झाला. मागून तुळजाबाई कडाडली, "हितं हुबं ऱ्हाऊन तुमाला ऐकू आलं न्हाई, अन् लातूरहून पोरीला आलं! धन्य हाय तुमची!"

दामिनी हसली. लातूरला आल्यापासून ती अशी हसलीच नव्हती. शिवांगी पुस्तक मिटून बघत राहिली.

"दामे," अप्पा म्हणाले, "ज्वारी सरजाबाईचीच हाय. ह्या टायमाला तू वाचिवलीस. आता बॅग रिकामी कर."

तिने बॅग रिकामी केली. पुढे रोज संध्याकाळी फोन गिरणीपाशी असायचा आणि दामिनी पुस्तकापाशी. आज ती लातुरातच दातांची डॉक्टर व्हायला शिकते आहे. तिथेही दात कोरायचे यंत्र घरघरते म्हणे. गिरणीवाल्याची पोर, तिला घरघर कशी सुटेल!

तिच्याकडे आता बोराएवढे नवे हेडफोन आहेत. पण मला तिने टाकले नाही. तार गुंडाळून घेतली, गाद्या बदलल्या आणि मला अप्पांना आणून दिले. इतकी वर्षे घरघरीत उभे राहून अप्पांचे कान गेले आहेत. साधा फोन कानाला लावून त्यांना काही कळत नाही.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्याचे एवढे ऐका. वस्तू घेताना चकाकी पाहू नका, तिची गादी बदलता येते का ते विचारा. आपले कान जपा, ते बदलून मिळत नाहीत. आणि ज्या आवाजाचा कंटाळा येतो, तो एकदा तरी नीट ऐकून ठेवा.

आता मला निघायला हवे. संध्याकाळ झाली, गिरणी सुरू झाली. अप्पा मला खिळ्यावरून काढून कानांवर चढवतील, माझी वायर दामिनीशी जोडलेल्या फोनला लावतील, मी घरघर गिळीन आणि लातूरहून हाक येईल, "अप्पा, दाना सरला बघा." मग अप्पा दाणे ओततील.