सावकाश चालणारी शीर

"बाय, ही शीर हंय तुटल्या मगो?"

दाराबाहेर बसा म्हणून सांगितलेल्या शेवंतीबाई केव्हा माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही. एमआरआयच्या पडद्यावर त्यांच्या नवऱ्याच्या मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या शिरा होत्या आणि डावी शीर मध्येच नाहीशी झालेली. रिपोर्ट डॉक्टर सांगतील, हे वाक्य मी दिवसभर म्हणते. तेव्हा मात्र ते मेलं बाजूला ठेवून मी परेश डॉक्टरांना हाक मारली.

मुळगावच्या गोकुळदासकाकांच्या हातून गेल्या आठवड्यात पेजेचं वाटगं गळून पडलं, म्हणून ही तपासणी. सकाळी येतानाही बाई पुढे आणि काका मागे. "चला हो बेगीन, नंबर चुकतलो!" असा सगळ्या रस्त्याला ऐकू जाणारा गजर.

परेश डॉक्टरांनी चित्र निरखून पाहिलं. "शीर बंद असेल तर आजच मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल. पण रक्तच हळू येत असेल तर? सुविधा, चित्राचे थर पातळ घेऊन पुन्हा काढ."

मशीनमधून काकांचा आवाज आला, "शेवंती, त्या मशीनवाल्या चेडवाक त्रास दिव नाका गे!"

"काका, हलू नका!" मी माईकवरून ओरडले.

शेवंतीबाईंचा चेहरा बघवेना. मी सांगितलं, "मावशी, या मशीनला नव्यानं आत येणारं रक्त उजळ दिसतं. थर जाड असला की सावकाश येणारं रक्त आतच रेंगाळतं, फिकं पडतं. मग शीर तुटल्यासारखी दिसते. कदाचित तसंच असेल."

त्यांनी पडद्यावरच्या त्या तुटक्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हजो घोव जल्माचो सावकाश गे बाय. लग्नाक सुद्दां मुहूर्त टळल्यार पावलो. पूण पावता तो. तू मात्शी राव."

पोचेल, या त्यांच्या भरवशावर मीही थांबले. पातळ थरांना वेळ जास्त लागतो. मशीनची ठकठक संपली आणि चित्र जुळून आलं. शीर बारीक होती, पण थेट मेंदूपर्यंत अखंड गेली होती. मला इतका आनंद झाला की मी बाईंचा हातच धरला.

"पावलो गे तो," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

डॉक्टरांनी औषधं लिहून दिली. बाहेर मुळगावची बस हॉर्न देत होती. शेवंतीबाई सवयीनं तरातरा दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि मागे वळल्या. काका अजून चपला घालत होते.

बस निघून गेली. शेवंतीबाई दारात उभ्याच होत्या, काकांची छत्री हातात धरून.